यती आणि शटर
मराठी विषय घेऊन एम.ए. झालेल्या मनुष्याने प्राध्यापकीसाठी अर्ज करीत राहावे, हा शिरस्ता मोडून मी एका छायाचित्रकाराकडे उमेदवारी पत्करली, तेव्हा आप्तेष्टांनी माझी पदवी जमेस धरणेच सोडून दिले. परंतु विवाहसमारंभांच्या या व्यवसायात ती नित्य उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. मंगलाष्टके बहुधा शार्दूलविक्रीडितात असतात. चरणात 19 अक्षरे आणि बाराव्या अक्षरावर यती, त्यामुळे अखेरचा चरण कोठे संपणार याची वर्दी कानाला आगाऊ मिळते. आजच्या लग्नातही अंतरपाट दूर होण्यापूर्वीच मी शटर 1/500 सेकंदावर ठेवून वधूच्या खांद्यामागे सिद्ध होतो, आणि अक्षतांच्या वर्षावातून वराची वर उचललेली नजर नेमकी सापडली.

हार्वर्ड विद्यापीठात साहित्याचे अध्ययन केलेल्या सूनी तारापोरवाला यांनी पारशी समाजाची वर्षानुवर्षे टिपलेली छायाचित्रे 2000 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, हे स्मरले म्हणजे या मार्गाला पूर्वाधार आहे याचे समाधान वाटते. अर्थात केवळ रसिकतेवर चरितार्थ चालत नाही. बयाण्याची रक्कम, छायाचित्रे सुपूर्द करण्याची मुदत आणि फेरफाराच्या अटी करारनाम्यात स्वच्छ नमूद कराव्या लागतात, आणि असा निःसंदिग्ध मसुदा सिद्ध करणे हेही भाषेच्या अभ्यासकाचेच काम आहे.