बूस्ट हवाय? आधी पाईप बघा!
पुण्यात मित्राने फंडा दिला होता, ‘ईसीयू रिमॅप कर, गाडी उडेल!’ मे महिन्यात परभणीला घरी गेले आणि जिंतूर रोडवर ट्रकला ओव्हरटेक करताना माझी जुनी डिझेल हॅचबॅक मधेच दमली. समोरून एसटी! घामच फुटला.

गल्लीतल्या मेकॅनिक काकांना म्हटलं, ‘काका, टर्बोचं बूस्ट वाढवा ना.’

त्यांनी बॉनेट उघडलं. इंटरकूलरचा पाईप चिरलेला, एअर फिल्टर धुळीने गच्च.

‘ताई, आहे ते बूस्टच गळायलंय! वाढवलं की डिझेलबी जास्त जातं, इंजिन तापतं, हेड गॅस्केट उडतं. त्यात आपलं ऊन. गरम हवा विरळ, टर्बोला आधीच जड.’

पाईप, फिल्टर बदलले. परतीच्या वाटेवर ओव्हरटेक एका दमात!

रिमॅप? तूर्तास कॅन्सल.