कांडी

यंत्रमागाच्या शेडला मांजर लागतंच. सुताच्या कोनांना उंदीर लागले की नुकसान मोठं होतं, म्हणून भिवंडीत कामतघरच्या आमच्या शेडमध्ये मांजरींची ये-जा कायम असायची. पण घरची म्हणावी अशी एकच झाली. तिची आई टेम्पोखाली गेली आणि मागे गुंतवळीच्या पोत्यात हे एकच पिल्लू जिवंत राहिलं. २०१६ चा पावसाळा होता. डोळे नुकते उघडलेले, अंगावर तीन रंग, लांबीला धोट्यात बसणाऱ्या कांडीएवढी. कामगारांनी तेच नाव ठेवलं. गेल्या वर्षी ती गेली.

सासूबाई लगेच वाटीत गाईचं दूध घेऊन आल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी ते देऊ दिलं नाही. मांजरीच्या मानानं गाईचं दूध फार पातळ, त्यात प्रथिनं निम्म्याहून कमी. त्यानं पिल्लांना हगवण लागते आणि एवढ्याशा जिवाला दिवसभराची हगवणही सोसत नाही. त्यांनी पिल्लांसाठीची दुधाची भुकटी दिली, सुई काढलेली सिरिंज दिली आणि हिशेब सांगितला. शंभर ग्रॅम वजनामागे एका वेळी ४ मिलिलिटर, दिवसभरात २० च्या आसपास. कांडी २२० ग्रॅम भरली. म्हणजे दर चार तासांनी सात-आठ मिलिलिटर, रात्रीसुद्धा.

“एवढ्यानं काय होतंय गं? लेकराचं पोट तरी भरेल का?” सासूबाईंचा जीव तुटत होता. पण पिल्लाची जठराची पिशवी तेवढीच असते. जास्त पाजलं की दूध नाकातून बाहेर येतं, फुप्फुसात शिरलं तर पिल्लू दगावतं. मायेनं हात सैल सोडावासा वाटतो, आणि नेमका तिथेच तो आवरावा लागतो. थोडं द्यायचं, पण वेळ चुकवायची नाही.

रात्रीची वेळ सांभाळली ती रात्रपाळीच्या चाचांनी. गोरखपूरकडचे, शेडमधले सगळ्यांत जुने कारागीर. बारा वाजता आणि चार वाजता ते आपले माग थांबवायचे, हाताचं तेल चिंधीला पुसून साबणानं हात धुवायचे. कांडीला आधी चाचपून बघायचे. अंग गार लागलं तर कोऱ्या कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली तिच्याजवळ ठेवायची, ऊब आल्यावरच दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. मग मनगटावर थेंब टाकून बघायचे आणि तिला मांडीवर पालथी धरायचे, उताणी कधीच नाही. बाजूला बाकीच्या मागांचा खडखडाट चालू, आणि ती पुढचे दोन्ही पंजे सिरिंजवर रोवून प्यायची. प्रत्येक घोटाला तिचे कान हलायचे. शेवटी ओल्या कापसानं पोटाखाली हळूच पुसायचं, त्याशिवाय या वयाची पिल्लं शू करत नाहीत. मांजरी हेच काम जिभेनं करते.

वजन रोज घ्यायचं. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढ हवी. चाचा दाराच्या आतल्या बाजूला खडूनं आकडा लिहायचे आणि आकडा अडला की सकाळी आम्हाला आधी ते सांगायचे, मागाचं नंतर.

महिन्याची झाल्यावर ताटलीत तेच दूध आणि त्यात उकडून कुस्करलेली कोंबडी सुरू केली. मीठ नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही, मांजरांना तो विषच. दूध-पोळीच्या काल्यावर मांजर पोसतं हा घरोघरचा समज मला पटत नाही. मांसात टॉरिन असतं, मांजराच्या शरीराला ते पुरेसं बनवता येत नाही. ते मिळालं नाही तर डोळ्यांचा पडदा झिजतो, हे शास्त्रज्ञांनी १९७५ मध्येच दाखवलं. दोन महिन्यांनंतर कांडीला चार वेळा थोडं थोडं, सहा महिन्यांनंतर दोनच वेळा. साडेतीन किलोंवर तिचं वजन थांबलं. उंदीर मारायची, पण जेवायला मात्र चाचांच्या पायाशी.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि माग बंद पडले. मेच्या सुरुवातीला भिवंडी रोडहून गोरखपूरला श्रमिकांची गाडी सुटली. पुढच्या एका गाडीनं चाचाही गेले. रिकाम्या शेडमध्ये कांडी नुसती फिरायची, ताटलीला तोंड लावायची नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. सासूबाई कोंबडीचं कोमट पाणी बोटावर घेऊन दर दोन-तीन तासांनी तिला चाटवत बसायच्या. ‘पोट भरेल का’ हा प्रश्न त्यांनी आता विचारला नाही. संध्याकाळी गावाकडून फोन यायचा, “भाभी, कांडी ने कुछ खाया?”

दिवाळीनंतर चाचा परतले. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी तिला उचलून काट्यावर ठेवलं. ३ किलो ३००. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, “दो सौ ग्राम कम है, भाभी,” म्हणाले आणि खडू शोधायला लागले.