डबा कोणाचा, काळजी कोणाची

सेवाग्राम आश्रमात टेलिफोनची जुनी पेटी जपून ठेवली आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून सरकारनं ती बसवली होती. यंत्र सरकारचं, जागा आश्रमाची. वर्धा जिल्ह्यात नेटवर्कचं काम करताना मला अशीच विभागणी रोज भेटते. बिघाड झाला की उठायचं कोणी, हे मात्र फारसं कुठं लिहिलेलं नसतं.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा भारतनेटचा डबा घ्या. गावोगावच्या पंचायतींपर्यंत फायबरनं इंटरनेट नेणारी ही योजना २०११ साली मंजूर झाली, तेव्हा तिचं नाव राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क होतं. डबा योजनेचा, वीज पंचायतीची, खोलीची किल्ली शिपायाकडे आणि काम अडतं ते दाखले देणाऱ्या सेवा केंद्राच्या चालकाचं. सातबाऱ्यासाठी आलेला शेतकरी बाकावर बसून राहतो आणि चौघं एकमेकांना फोन लावतात.

खरं तर हद्द त्या डब्यानंच आखून दिलेली आहे. पॉवरचा दिवा विझलेला असेल तर आधी पंचायतीनं प्लग, बटण, बॅटरी पाहायची. पॉवर आहे, पण ‘लॉस’चा लाल दिवा लुकलुकतोय, तर प्रकाश डब्यापर्यंत पोचतच नाही, फायबर सांभाळणाऱ्यांना कळवायचं. रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली की हाच दिवा लागतो. दोन्ही दिवे ठीक असूनही संगणकावर इंटरनेट चालत नसेल, तर दोष बहुधा खोलीतल्या राउटरचा किंवा वायरचा. एवढं शिपायाला दाखवून ठेवलं तरी अर्धे फोन वाचतात.

म्हणून वायर ओढण्याआधी मी कागद मागतो. वस्तू कोणाच्या मालकीची, रोज बघणार कोण, सेटिंग बदलायचा अधिकार कोणाला आणि जळाली तर पैसे कोणत्या खात्यातून. विदर्भातल्या उन्हाळ्यात आणि विजांच्या पावसात यंत्रं जळतातच. तो खर्च आधी ठरलेला हवा. कागदावर व्यक्तीऐवजी पद लिहावं, कारण ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली होते, डबा तिथंच राहतो. चार्ज देताना कपाटाच्या किल्लीसोबत राउटरचा पासवर्डही बंद पाकिटात गेलाच पाहिजे. तो ठेकेदाराच्या मोबाइलमध्ये राहिला, तर मालकी कागदापुरतीच उरते, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या शाळेत, पतसंस्थेत, दवाखान्यात राउटर असेल, तर डेडस्टॉक रजिस्टर उघडून बघा. वस्तू आणि किंमत तिथं असेल. शेजारी ‘जबाबदार पद’ असा रकाना आखा आणि तो याच आठवड्यात भरा.