दिघीतली मेस गुगलवर का सापडत नव्हती

दिघीत आळंदी रस्त्यापासून थोडं आत, एका गल्लीत मी मेस चालवते. भोसरी एमआयडीसीत आणि चाकणला कामाला जाणारी मुलं फर्स्ट शिफ्टच्या आधी डबा घेऊन जातात. बरीचशी लातूर, बीड, परभणी, बुलढाण्याकडची.

2022 च्या पावसाळ्यात असाच एक मुलगा जेवायला आला. दुसरी भाकरी वाढताना म्हणाला, "काकू, दोन महिने मी मागच्याच गल्लीत राहतोय. मोबाईलवर रोज मेस शोधायचो, तुमचं नाव एकदाही आलं नाही. निम्मे दिवस वडापाववर काढले." मला फार लागलं ते. आमची वेबसाइट होती, दरवर्षी तिचे पैसे भरत होते, आणि हाकेच्या अंतरावर एक पोर उपाशी झोपत होतं.

माझी भाची कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. रविवारी तिला बोलावून घेतलं. तिने गुगलमध्ये इंग्रजीत 'साइट' लिहिलं, पुढे कोलन दिला आणि त्याला जोडून आमच्या वेबसाइटचा पत्ता टाकला. असं शोधलं की गुगलकडे आपली कोणती पानं आहेत ते दिसतं. आमचं एकही पान आलं नाही. "मावशी, गुगलच्या लेखी ही वेबसाइटच नाही," ती म्हणाली.

कारण सापडायला पाच मिनिटं लागली. वेबसाइट वर्डप्रेसवर केलेली होती. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' नावाचं पान आहे. तिथे अगदी खाली एक छोटी चौकट असते. तिच्यात टिक केली की सर्च इंजिनांना 'हे पान तुमच्या यादीत घेऊ नका' असा निरोप जातो. काम अर्धवट असताना ते कुणाला दिसू नये म्हणून वेबसाइट करणारे ती टिक लावून ठेवतात. आमचं काम 2021 मध्ये पूर्ण झालं, पैसे चुकते झाले, टिक मात्र तशीच राहिली. एका टिकेपायी वर्ष गेलं.

टिक काढली, गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये वेबसाइट नोंदवली. काही दिवसांत पानं दिसायला लागली. तरी 'दिघी मेस' असं शोधल्यावर आम्ही येईचना. मग भाचीने एकेक पान उघडून दाखवलं.

आमचा मेनू, दर, पत्ता, सगळं चित्रात होतं. त्यामागे जुनी गोष्ट आहे. 2012 मध्ये पहिली वेबसाइट केली तेव्हा मराठी मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केला होता. आमच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट होता, त्यामुळे अक्षरं सुरेख दिसायची. गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर नुसता कचरा दिसायचा. कारण तो मजकूर आतून इंग्रजी अक्षरांचा असायचा, वर फक्त मराठी आकार चढवलेला. युनिकोडमध्ये तसं नाही, तिथे मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत. 'म' चा 2350. तो कुठल्याही फोनवर 'म' च राहतो आणि गुगललाही 'म' म्हणूनच कळतो. जुन्या फाइलमधली 'पिठलं-भाकरी' ही ओळ भाचीने कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. इंग्रजी अक्षरं, चिन्हं, उलटसुलट टिंबं यांची एक रांग उमटली. माझ्या पिठल्याची ती अवस्था पाहून मला भरून आलं. यावर उपाय म्हणून तेव्हा कुणीतरी सगळ्या पानांची चित्रंच करून टाकली, आणि तीच पुढे नव्या वेबसाइटवर चढली. दिसायला अडचण उरली नाही, पण चित्रातल्या मजकुराच्या भरवशावर शोधात वर येता येत नाही. दृष्टी नसलेल्या माणसाचा फोनही तो नीट वाचून दाखवेल याची खात्री नसते.

दुसरी चूक शब्दांची. वेबसाइटवर लिहिलं होतं 'सात्त्विक भोजन सेवा'. भोसरीत कामाला लागलेला मुलगा असं कधी शोधेल का? तो 'मेस' म्हणतो, 'डबा' म्हणतो, 'महिन्याचे किती' विचारतो. हे शब्द आमच्याकडे एकदाही नव्हते. गुगलच्या यादीत जी निळी ओळ दिसते ती बहुधा पानाच्या शीर्षकावरून येते. आमच्या प्रत्येक पानाचं शीर्षक होतं 'होम'.

तिसरी गोष्ट फोटोंची. ताटाचे फोटो मोबाईलवरून काढून जसेच्या तसे चढवलेले, एकेक चार-पाच एमबीचा. मुलं डेटा पॅक बघून वापरतात, पान उघडेपर्यंत कोण थांबणार? पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, अशी गुगलची अपेक्षा असते. शिवाय गुगल वेबसाइट पाहतं ती मोबाईलवर दिसते तशी. आम्ही मात्र ती आयुष्यभर ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच पाहिली.

पुढचे दोन रविवार आम्ही दोघी बसलो. मी सांगत गेले, ती युनिकोडमध्ये टाइप करत गेली. पहिल्या पानाचं शीर्षक केलं 'दिघीतील मेस आणि जेवणाचा डबा'. खाली दर, वेळा, भोसरी-चाकणला डबा किती वाजता निघतो ते, आणि दिघी 411015 हा पत्ता, सगळं अक्षरांत. फोन नंबर असा दिला की बोट लावलं की फोन लागतो. फोटो लहान केले. गुगल मॅपवरही तेच नाव, तोच पत्ता टाकला.

दोन-तीन महिन्यांनी नवी मुलं यायला लागली. "कुणी सांगितलं रे?" असं विचारलं की मोबाईल पुढे करायची. माझी कळकळ एवढीच आहे, की वेबसाइट असलेल्या प्रत्येकाने आज ती स्वतःच्या मोबाईलवर उघडावी, तिच्यातली एक ओळ कॉपी करून कुणाला तरी पाठवावी आणि ती वाचता येते का ते विचारावं. मेसच्या दारातल्या फळ्यावर मी रोज सकाळी खडूने भाजी लिहिते. आता ती लिहून झाली की तीच ओळ, त्याच शब्दांत, वेबसाइटवर टाकते आणि मग कणीक मळायला घेते.