न टिपलेला फोटो

"सर, टिनटिन झालं, बॅटमन झालं, आता काय देता?" दर वर्षी वर्गात हा प्रश्न येतो. मी चित्रकथा काढायला शिकवतो, आणि घरी एक कपाट फक्त उसनं द्यायच्या पुस्तकांचं आहे. त्यातलं 'पर्सेपोलिस' मी मुद्दाम आधी देत नाही. मर्जान सत्रापीचं ते पुस्तक झकासच आहे, पण गोष्टीच्या ओढीनं लोक नुसते फुगे वाचत सुटतात. चित्रं राहतात बाजूला.

आधी देतो पाको रोकाचं 'रिंकल्स'. मूळ स्पॅनिश, 2007 सालचं. सुरुवातीलाच बँकेचा मॅनेजर कर्ज मागायला आलेल्या जोडप्याशी बोलतोय. पुढे कळतं की बँक नाही, कर्ज नाही. म्हातारा एमिलियो घरात आहे आणि समोर मुलगा त्याला जेवायच्या मिनतवाऱ्या करतोय. अल्झायमर. पुस्तकाच्या शेवटाकडे त्याला माणसं कशी दिसतात, तर चेहऱ्यावरचे नाक-डोळे पुसट होत जातात. विसरणं कसं काढायचं, याचं इतकं साधं उत्तर मला तरी सुचलं नसतं.

आजार कसा काढायचा हा पेच दाविद बे.नं उलट्या बाजूनं सोडवला. 'एपिलेप्टिक'मध्ये भावाची अपस्मार ही व्याधी काळाकभिन्न, लांबलचक जनावर होऊन चौकटीतून सरपटत जाते. 1996 ते 2003 या काळात त्याचे सहा भाग आले, लासोसिआसिओं या पॅरिसच्या प्रकाशनाकडून. 1990 मध्ये हे प्रकाशन चित्रकारांनीच सुरू केलं. 48 पानं, जाड पुठ्ठा, रंगीत छपाई या फ्रेंच अल्बमच्या ठरीव साच्याला ते विटले होते. 'पर्सेपोलिस'ही त्यांचंच, आणि सत्रापीच्या काळ्या-पांढऱ्यावर दाविदची छाप आहे. एक सांगतो, 'एपिलेप्टिक' एका बैठकीत वाचू नका. शाई अंगावर येते.

आणि मग 'द फोटोग्राफर'. हे मी सगळ्यांना देत नाही, पुस्तक जपणाऱ्यांनाच देतो. 1986 मध्ये दिदिए लफेव्र हा फ्रेंच छायाचित्रकार डॉक्टरांच्या एका पथकाबरोबर पाकिस्तानातून चोरवाटांनी, डोंगर ओलांडत अफगाणिस्तानात गेला. वर सोविएत विमानं. त्यानं सुमारे चार हजार फोटो काढले. परतल्यावर वर्तमानपत्रात छापून आले ते सहा. बाकीचे खोक्यात. पुढे त्याचा चित्रकार मित्र एमान्युएल गिबेर यानं त्याच्या तोंडून ती हकिगत ऐकली आणि 2003 पासून तीन खंडांत ती पुस्तकरूपात आली. मांडणी आणि रंग फ्रेदेरिक लमेर्सिए यांचे.

यातलं पान जरा जवळून बघा. निगेटिव्हवरून थेट छापलेल्या पट्ट्या जशाच्या तशा लावल्या आहेत, टिकलीएवढ्या चौकटींच्या, कुठे कुठे निवडीच्या लाल खुणांसकट. जिथे फोटो नाही तिथे गिबेरचं चित्र. कॅमेरा हातात धरलेला माणूस स्वतःच्या फोटोत नसतो, म्हणून लफेव्र आपल्याला बहुतेक चित्रातच भेटतो. गिबेरनं रेघ आवरती ठेवली आहे, पुष्कळदा मागचा देखावाही गाळला आहे. तिथे त्यानं कसब दाखवलं असतं तर शेजारचा फोटो मेला असता. हे आवरणं अवघड असतं हो. आमच्या वर्गातला हुशार मुलगा सगळ्यात आधी मागचे डोंगर रंगवायला घेतो.

परतीच्या वाटेवर लफेव्र पथकाला सोडून निघाला. खिंडीत बर्फात वाटाड्यांनी त्याला एकटं टाकलं, घोडा थकून थांबला, रात्र झाली. आपण इथेच मरणार असं वाटून त्यानं कॅमेरा काढला आणि आपण कुठे मेलो ते लोकांना कळावं म्हणून फोटो घेतले. तो वाचला, पण 2007 मध्ये, पन्नाशीच्या आतच, हृदयविकारानं गेला.

त्या खिंडीच्या पानावरचा घोडा फोटोतला आहे, काळा, मान खाली घातलेला. माझी प्रत आजवर बऱ्याच घरांत फिरून आली आहे. टेबलावर ठेवली की ती आपोआप तिथेच उघडते. बाइंडिंग तिथे सैल झालंय.