लंडनच्या बाजारातील तलवार

2025 च्या उन्हाळी सुटीत कन्येच्या आग्रहास्तव आम्ही लंडनला गेलो. निघताना उधन्याच्या आमच्या शाळेतील मुलांनी एकच मागणे केले होते, "सर, येताना खरी तलवार आणा." मुले यंत्रमाग कामगारांची, मागणे मात्र राजेशाही!

पोर्टोबेलो रस्त्यावर दर शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तेथे चांदीची भांडी, घड्याळे व तसबिरी यांच्या गर्दीत हिंदुस्थानी घडणीच्या तीन तलवारी टांगलेल्या दिसल्या. दुकानदाराने त्यांतील एक आमच्या हाती देऊन 'मराठा' एवढाच शब्द उच्चारला. अंगावर रोमांच उभे राहिले, हे कबूल केले पाहिजे. पण ती कोणाची, कोठून आली, या प्रश्नांस त्याच्यापाशी ना कागद होता, ना उत्तर. पात्यावर एक अक्षरही नव्हते. शिवाय शस्त्र भारतात आणण्यास 1959 च्या शस्त्र कायद्यान्वये परवाना लागतो. कन्या हळूच म्हणाली, "बाबा, ही कोणाची म्हणून मुलांना सांगाल?" आम्ही तलवार परत केली.

त्याच लंडनमध्ये 29 एप्रिल 2025 रोजी सदबीज्‌च्या लिलावात नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र शासनाने मिळविली होती. खर्च सुमारे 47 लाख रुपये आला. तिच्या पात्यावर रघुजींचे नाव व 'सेनासाहेब सुभा' ही पदवी सोन्याच्या देवनागरी अक्षरांत आहे. तिची ओळख त्या अक्षरांनीच पटते. परदेशी जुने पाते घेऊ इच्छिणाऱ्या वाचकांनी धारेआधी असा पुरावा पाहावा.

ही तलवार 'फिरंग' जातीची. म्हणजे पाते युरोपीय, मूठ आपल्याकडची. अशी पाती सतराव्या शतकात गलबतांतून आपल्या बंदरांत उतरत; इंग्रज व्यापाऱ्यांनी ती आमच्या सुरतेसही विक्रीस आणली होती.

18 ऑगस्ट रोजी ती तलवार मुंबईस पोहोचली. त्या आठवड्यात आम्ही वृत्तपत्रातील तिचे छायाचित्र वर्गात नेले. एकाने विचारले, "सर, पाते तिकडचे, मग तलवार आपली कशी?" आम्ही उत्तर जुळवीत असता मागच्या बाकावरून आवाज आला, "माझे पप्पा चालवतात तो मागही चीनचा आहे. कापड तर आपलंच म्हणतात ना?"

आम्ही छायाचित्र भिंतीवर लावले आणि खाली रघुजींचे नाव त्या मुलाकडूनच लिहवून घेतले.