आत पडणाऱ्याचं घड्याळ

३ जुलै
कॉलेजच्या विज्ञान मंडळात बोलायचंय. विषय मुलांनीच दिलाय: कृष्णविवरात पडणाऱ्या माणसाचं काय होतं? ‘इंटरस्टेलर’ सगळ्यांनी पाहिलेला असणार. तिथला एक तास म्हणजे इथली सात वर्षं, हे तोंडपाठ. तेवढा फरक पडावा म्हणून सिनेमाचे विज्ञान-सल्लागार किप थॉर्न यांना सिनेमातलं विवर जवळजवळ कमाल वेगानं गरगरतं मानावं लागलं होतं. पण ती विवराजवळ जाऊन परतणाऱ्यांची गोष्ट. पडणाऱ्याची वेगळी, आणि मला विचाराल तर जास्त चमत्कारिक.

४ जुलै
विवर ठरलं: आपल्याच आकाशगंगेच्या केंद्रातलं, धनू राशीच्या दिशेचं. वस्तुमान सुमारे ४३ लाख सूर्यांएवढं. ते फिरत नाही असं धरलं तर घटना क्षितिजाची, म्हणजे जिथून परतणं नाही त्या सीमेची, त्रिज्या सव्वा कोटी किलोमीटरच्या आसपास. मोठं विवर मुद्दाम घेतलं. दहा सूर्यांच्या विवरापाशी पाहुणा क्षितिज गाठण्याआधीच शेवयांसारखा ताणून तुटतो, गोष्ट तिथंच खुंटते. इथं क्षितिजावर डोकं आणि पाय यांवरच्या ओढीतला फरक जाणवणारही नाही.

आता बाहेरून पाहणारा. त्याला पडणारा क्षितिजाशी थिजलेला कायम दिसत राहतो, असं सर्रास छापून येतं. हे अर्धंच खरं. क्षितिज ओलांडताना तो कधीच दिसत नाही, हे बरोबर. पण कायम दिसत मात्र राहत नाही. त्यानं सरळ बाहेर सोडलेल्या प्रकाशाची कंपनसंख्या दर दीड मिनिटाला साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. तासाभराच्या आत तो प्रकाश कित्येक किलोमीटर लांबीच्या रेडिओ लहरींत गेलेला असतो. डोळ्यांना तो त्याच्या कितीतरी आधीच दिसेनासा होतो.

५ जुलै
प्रश्नोत्तरांत पुराणातले राजा ककुद्मी आणि त्याची मुलगी रेवती येणारच. ब्रह्मलोकी घटकाभर थांबले, तोवर पृथ्वीवर युगं सरली. गोष्ट सुरेख, पुरावा म्हणून चालवून घेणार नाही.

६ जुलै, आषाढी एकादशी
पडणाऱ्याची बाजू लिहून काढली. त्याचं घड्याळ त्याच्यापुरतं नेहमीसारखंच चालतं. क्षितिजावर पाटी नाही, धक्का नाही. फार दुरून नुसता पडत आला असेल, तर क्षितिजापासून शेवटापर्यंत त्याच्या मनगटावर साधारण २८ सेकंद. रॉकेट लावून कितीही धडपडला तरी सव्वा मिनिटही मिळत नाही.

आणि त्या वेळात विश्वाचं सगळं भविष्य डोळ्यांसमोरून झरझर सरकतं म्हणे! साफ चूक. क्षितिज ओलांडताना थेट पाठीमागून येणारा प्रकाश त्याला निम्म्या कंपनसंख्येचा दिसतो. म्हणजे मागचं जग निम्म्या वेगानं चाललेलं. तो स्वतःच त्या प्रकाशापासून पळत असतो ना! बाहेरचा काळ भरभर पाहायचा तर पडून चालत नाही, इंजिनाच्या जोरावर क्षितिजाबाहेर लटकून राहावं लागतं. व्याख्यान याच मुद्द्यावर उभं करणार.

७ जुलै
हे सगळं कागदावरचं नाही, हे सांगायला एस-२ तारा घेतला. याच विवराभोवती सोळा वर्षांत एक फेरी. मे २०१८मध्ये तो सर्वांत जवळ आला तेव्हा वेग सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून जास्त होता. चिलीतल्या दुर्बिणींनी त्याच्या प्रकाशाची तांबूस सरक मोजली. वेग आणि गुरुत्व मिळून तिथलं घड्याळ दिवसाकाठी आपल्यापेक्षा मिनिटभर मागे पडेल, इतकी ती भरते.

नारळीकरांचंही नाव घेईन. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावानं. परीक्षकांना ओळख लागू नये म्हणून.

९ जुलै
व्याख्यान झालं. पहिल्या बाकावरच्या मुलीनं नेमकं विचारलं, “सर, मग खरं घड्याळ कुणाचं?” म्हटलं, दोघांचंही. लटकून परत आलेला घड्याळं शेजारी ठेवून दाखवू शकतो की तो कमी म्हातारा झालाय. तिथं वाद उरत नाही. आत गेलेल्याला ताळा करायला परत येताच येत नाही.

मागून हॉकिंग यांचं नाव आलं. विवरं प्रारण सोडून आटतात असं त्यांचं गणित, पण हे विवर भोवतालच्या २.७ केल्विनच्या प्रारणापेक्षा कितीतरी थंड आहे, म्हणून सध्या ते आटत नाही, एवढंच सांगितलं. बाकीच्याला वेगळा तास लागेल. तारीख तुम्हीच कळवा, म्हटलं.